सुरतेचं अलिबाग

माझा मित्र मनमोहन गुजरातीत लिहायचा. त्याच्या चार कादंबऱ्या मी मराठीत आणल्या. पाचवीचं हस्तलिखित त्याने गुजरातीत छापायच्या आधीच माझ्या हाती ठेवलं. त्याच महिन्यात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला.

"या दिवसांत पुस्तकावर गुजराती नाव टाकलं तर दुकानाच्या काचा राहायच्या नाहीत," गिरगावातले आमचे प्रकाशक म्हणाले. "लेखकाचं नाव आणि 'अनुवादक' हा शब्द, दोन्ही काढू. नुसतं तुमचं नाव राहू द्या."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. सुरतेचं अलिबाग केलं, जमनाबेनची यमुनाताई केली. वीस वर्षांत मला कोणी कादंबरीकार म्हटलं नव्हतं. दिवाळीपर्यंत सगळेच म्हणू लागले. मनमोहनचं घर टाळून मी पलीकडच्या गल्लीने जाऊ लागलो.

एक दिवस तोच जिने चढून आला. हातात ते पुस्तक होतं. मी काही बोलणार, एवढ्यात त्याने पहिलं पान उघडून सहीसाठी पुढे केलं. मी सही केली.

"छान लिहिलीयस," तो म्हणाला. "गुजरातीत आणायची असली तर सांग. अनुवाद मी करून देतो."