सोमवारी परत येणारी बाटली

दर शुक्रवारी मूळचे वसईचे ऑगस्टिन अंकल इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीतल्या आमच्या बॉटल शॉपमध्ये येतात, तीच फ्रेंच व्हाइट वाइन मागतात. “सारंग, लूसी वाट बघतेय.” ही वाइन ज्या कुटुंबाची, त्यांच्या घरी दोघं नवरा-बायको लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जेवले होते. त्या घरात आता वायनरी चालवणारं कुणी उरलं नाही. आमच्याकडे शेवटची बाटली होती. लूसी आंटीही दोन वर्षांपूर्वी गेल्या, पण अंकलच्या ते लक्षात राहत नाही. म्हणून त्यांची मुलगी लिझा दर सोमवारी बाटली सीलबंदच परत आणून द्यायची आणि मी ती त्याच जागी ठेवायचो. या सोमवारी तिने रिकामी बाटली आणली. “काल डॅडींना सगळं आठवलं. खूप रडले. मग आम्ही दोघांनी मम्मीच्या नावाने संपवली.” आज शुक्रवार. अंकल रिकाम्या जागेसमोर उभे आहेत. “सारंग, आता लूसीला काय सांगू?”