सात घरांचं पाणी

राजापेठेतल्या बंधुमंडळाची रीत पहिल्या बैठकीपासूनची होती. निरनिराळ्या जातींच्या सात मित्रांनी आपापल्या घरून तांब्याभर पाणी आणून एका माठात ओतलं आणि त्याच माठातलं सगळे प्यायले. पुढे त्यांची मुलं-नातवंडं दर महिन्याला तेच करत आली. सभासद मात्र पुरुषच.

वडिलांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हा मंडळानं दिलेला त्यांचा तांब्या परत करायला पौर्णिमा बैठकीच्या दिवशी गेली. ती एकुलती एक लेक. आपलं घर या माठातून उठलं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तांब्या तिनं चिंचेनं घासून लख्ख केला होता.

मंडळातल्या म्हाताऱ्या रामरावांनी तांब्यात डोकावून पाहिलं. "रिकामा काहून आणला वं?"

"परत द्यायला आणलाय, काका. आमच्याकडून आता कोण येणार?"

"तू आली ना!" रामरावांनी तांब्या तिच्याच हातात ठेवला. "जा, घरून भरून आन. साऱ्या घरचं पानी पडल्याबिगर कोनी प्यायचं नाही, असं पयल्याच दिवशी ठरलं व्हतं. तीन बैठका झाल्या, पोरी. आमी तहानलेलेच उठून राहिलो."