आई अर्धीच येते

“हा कॅमेरा माझ्या आईला कापतो,” असं म्हणत दिनेशने जुन्या कॅमेऱ्याची बॅग काउंटरवर आपटली. गंगापूर रोडवरच्या त्या दुकानात शनिवारची गर्दी होती. दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. दुकानदार सुनील मात्र शांत होता. अकरा वर्षांपूर्वी हा कॅमेरा त्यानेच विकला होता.

दिनेशची मखमलाबादला फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. कामाची कितीही घाई असो, घरात बारसं असलं की फोटो हाच काढणार. बाहेरचा फोटोग्राफर त्याला खपायचा नाही. आता आठ दिवसांवर त्याच्या मुलीचं, मनीषाचं लग्न आलं होतं. साखरपुड्याचे फोटो बघता बघता दिनेशच्या मामाने चारचौघांत टोमणा मारला होता, “एवढे हजारो फोटो काढले रे तू, अन् माझ्या बहिणीचा एक धड फोटो नाय त्यात!” ते दिनेशला फार लागलं. लग्नात आई अख्खी आली पाहिजे, मग कॅमेरा कोणताही घ्यावा लागो. म्हणून तो आईला, बायकोला आणि मनीषाला घेऊनच दुकानात आला होता.

सुनीलने कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. दिनेश पडद्यावर बोट आपटत सुटला.

“हे बघा, साखरपुडा. कडेला अर्धं तोंड दिसतंय ना? ती आई. हे पुतण्याचं बारसं. हे कोपर आईचं. ही नव्या ट्रॅक्टरची पूजा. हा पदर. नुसता पदर! बाकी सगळे कसे झकास आलेत. कापली जाते ती आमचीच म्हातारी.”

“भिंगातून दिसतं तेच फोटोत येतं, दिनेशभाऊ,” सुनील म्हणाला.

“मला नका शिकवू. मी लय व्हिडिओ बघून आलोय. याचा सेन्सर बारका हाय, कडेचं सोडून देतो. मला मोठ्या सेन्सरचा दाखवा. फुल फ्रेम. अन् त्याला वाइड लेन्स.”

चार व्हिडिओ बघितले की माणूस दुकानदाराला अक्कल शिकवायला मोकळा होतो. सुनील जुने फोटो मागे मागे नेत एका फोटोपाशी थांबला. घराची वास्तुशांती. मधोमध दिनेशची आई वत्सलाबाई, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, शेजारी टोपी घातलेले वडील. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ आले होते.

“हा याच कॅमेऱ्याचा?”

“याचाच. तवा अण्णा होते. कॅमेरा नवा होता ना, नीट चालायचा.”

दिनेशच्या बायकोने, प्रतिभाने, बोलायला तोंड उघडलं. मग सासूकडे बघून मिटलं. वत्सलाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसून कोऱ्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. “घे बाबा काय घ्यायचा तो,” त्या म्हणाल्या, “माझ्यापायी नको एवढा वाद घालू.”

सुनीलने नवा कॅमेरा काढला आणि त्याला वाइड लेन्स लावली. “यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं मावतं. आत्ताच बघून घ्या. पण फोटो नको, व्हिडिओ चालू करा. माणसं उभी करण्यापासून चालूच ठेवा. कुठे काय कापलं जातंय ते कळेल.”

दुकानात एक पांढरा पडदा लावलेला होता. त्याच्यापुढे दहा माणसं सहज उभी राहिली असती. दिनेशने तिथे तिघींना उभं केलं. मिनिटभराने त्याने कॅमेरा खाली घेतला, स्क्रीनवर बघितलं आणि भडकलाच.

“बघा! मनीषा आली, प्रतिभा आली, अन् आई परत अर्धी! फसवणूक हाय ही सगळी. एवढा मोठा सेन्सर काय चाटायचाय?”

आता मात्र प्रतिभाला राहवेना. नऊ वर्षं गिळलेलं भर दुकानात बाहेर पडलं.

“कॅमेऱ्याला कशाला शिव्या देता? तुम्हीच सरकवता त्यांना. अण्णा गेले तवापासून. नवरी असो, बाळ असो, शेजारी विधवा बाई नको. अन् मग आई फोटोत दिसत नाय म्हणून तुम्हीच बोंबलायचं!”

“मी?” दिनेश लालबुंद झाला. “मी माझ्या आईला सरकवीन? तिच्यासाठी तर आलोय इथं. तोंड सांभाळून बोल. असलं काही मी मानत नाय, सगळ्या मखमलाबादला माहिती हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. खरी चीड येते ती याचीच. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं करत आला एक आणि समजत आला भलतंच, आणि त्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मनीषा खाली बघत होती. तिलाही माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

सुनीलने कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि आवाज वाढवला.

कॅमेऱ्यातून दिनेशचाच आवाज आला. रोजचा, प्रेमाचा. “मनीषा, मधी ये. प्रतिभा, तू तिला चिकटून उभी राहा. आई, तू जरा तिकडं सरक, नवरी हाय ना मधी. अजून थोडं. अजून.”

मग वत्सलाबाईंचा. “एवढं बास का रं? का दाराबाहेर जाऊन उभी राहू?”