दुपारचे वॅट

इंद्रलोक वसाहतीतल्या घरात निकेतने ठेवलेला सर्व्हर काम नसतानाही चाळीस वॅट वीज खायचा. निकेतने त्याचा पिच्छाच पुरवला. नको ते प्रोग्रॅम बंद केले, दारावरच्या कॅमेऱ्याचं सततचं रेकॉर्डिंग थांबवलं, हार्ड डिस्क झोपवली आणि आकडा बारावर आणला. तरी रोज दुपारी, तो ऑफिसात असताना, आकडा उसळायचा. घरी तर एकटी आई. म्हणजे बाहेरून कोणीतरी सर्व्हरमध्ये घुसतंय! पासवर्ड बदलून झाले, तरी तेच.

आज तो ऑफिसात लॅपटॉपवर डोळे लावूनच बसला. आकडा चढताच त्याने आत शिरून पाहिलं. दारावरचा कॅमेरा कोणीतरी बघत होतं, आणि तेही आईच्या मोबाइलवरून. त्याने घाईघाईने तेच दृश्य उघडलं. ज्याला त्याने भांडून घराबाहेर काढलं होतं तो जितेंद्रदादा बंद दारासमोर उभा होता. तान्ह्या लेकीला कॅमेऱ्यापुढे उंच धरून म्हणत होता, "आजीला टाटा कर."

निकेतने आईला फोन लावला. "आई, दारात कोण आलंय?"



"दार नाही उघडलं रे," आई घाबरून म्हणाली. "तू घातलेली शपथ पाळलीय मी."