एका दिव्यापुढं दोघी

टेम्पो दारात येऊन उभा राहिला, तरी भामा चुलीपाशीच बसून होती. कार्ल्याला जायला सगळी आळी नटली होती. तिचा धाकटा दीर काळूराम समुद्रातून जिवंत परत आला, त्याचा नवस आज एकवीरा आईच्या डोंगरावर फेडायचा होता. जाऊ शशिकला ओटीचं ताट घेऊन दोनदा आत डोकावली.

त्या वादळात होडीवर दोघे भाऊ होते. न्हावा शेव्याच्या नव्या बंदरापलीकडे होडी उलटली. इकडे पनवेलच्या कोळीवाड्यात दोघी जावा आईच्या तसबिरीपुढं, एका दिव्यापुढं बसल्या. दोघींनी पदर पसरला. दोघींनी तिलाच हाक मारली. उजाडल्यावर बार्जवाल्यांनी काळूरामला आणून सोडलं. भामाचा देवजी मागाहून उरणच्या चिखलात सापडला. हातातल्या चांदीच्या कड्यावरून तिनं त्याला ओळखलं.

तेव्हापासून येणारा जाणारा काळूरामच्या पाठीवरून हात फिरवायचा. "आयनंच तारला! भक्ताला ती बुडू देत नाय." लोक चांगल्या मनानं बोलायचे, पण भामाच्या काळजात दर वेळी गळ रुतायचा. मग देवजी कोण होता? तो काय तिचा नव्हता? शशिकला संध्याकाळी दिवा लावायला बसली की भामा उठून परसात जायची. तिनं पुन्हा त्या तसबिरीकडे पाहिलं नाही.

शेवटी काळूराम स्वतःच आत आला. "वहिनी, चला ना. तुमच्याबिगर मी कसा जाऊ?"

"तुमी जा, भावजी. तुमाला तारलं तिनं. माझं काय हाय तिथं?" भामा राखेकडे बघत म्हणाली. "मी बी हाक मारली व्हती. शशीची तिला ऐकू गेली. माझी नाय गेली."

काळूराम तिच्यासमोर चुलीपाशी बसला. परत आल्यापासून त्या रात्रीबद्दल तो कोणाशी चकार शब्द बोलला नव्हता. पोर भ्यालंय, असं लोक समजायचे.

"शशीची बी नाय, वहिनी."

भामानं मान वर केली.

"होडी गेली, तवा डिझेलचा रिकामा कॅन तेवडा हाताला लागला. दोघांचा भार त्याला सोसंना. दादानं दोरी घेतली आन कॅन माझ्या कमरंला बांधून टाकला. मी गाठ सोडवाया लागलो, तर त्यानं माझ्या मुस्काटात मारली. मंग वर बघून वरडला, 'आये, याला घरी ने! मी तुझ्या डोंगरावर पायी येईन!'" काळूरामनं बाहीनं डोळे पुसले. "त्यावर लाट आली. तुमच्याफुडं हे कुठल्या तोंडानं बोलू, वहिनी?"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कोणीतरी त्याला गप्प केलं.

इतके दिवस भामाला डोळे मिटले की एकच दिसायचं. काळं पाणी, आणि त्यात एकटा देवजी. तो हाका मारतोय आणि वर कोणी ऐकत नाही. ती हळूच म्हणाली, "म्हंजे हाक त्यांनी मारली व्हती." तिचे ओठ पुन्हा हलले. "आन तिनं ऐकली."

मग तिला रडू आलं. देवजीला चिखलातून उचलून आणलं तेव्हा कोरडे राहिलेले डोळे आता वाहायला लागले. ती गदगदून, मोठ्यानं रडली. शशिकला धावत आत आली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. भामानं तिचा हात घट्ट धरला.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं, लुगड्याचा काष्टा कसून खोवला आणि उंबऱ्याबाहेर आली.

"तुमी गाडीनं व्हा फुडं, भावजी," ती म्हणाली. "त्यांचा नवस पायी जायचा हाय."