कार्यक्रम उत्साहात संपन्न

"फार सुंदर झालं हो तुमचं गाणं," दत्तोपंत म्हणाले.

सभागृहाच्या पायरीवर साळूबाई बसल्या होत्या. मांडीवर शाल, शालीवर नारळ. त्यांनी मान वर केली.

"कवा?"

दत्तोपंत आत डोकावले. मराठवाडा मुक्तिदिनाचा फलक केव्हाच उतरला होता आणि ऑर्केस्ट्रावाले ड्रम लावत होते. "चचा, जरा बाजू हो जाव," त्यातला एक म्हणाला. झालं होतं ते असं. प्रमुख पाहुणे चार वाजता रझाकारांपासून बोलायला लागले, ते सव्वासहा वाजले तरी पोलीस अ‍ॅक्शनपर्यंत पोचले नाहीत. साडेसहाला सभागृह सोडायचं होतं. मग घाईघाईत सत्कार, आभार, राष्ट्रगीत. पिशोरहून हळदीची गाणी म्हणायला मुद्दाम बोलावलेल्या बाईंचं नाव आभारात घेतलं, एवढंच.

दत्तोपंत कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे प्रसिद्धिप्रमुख. एक ना दोन, वीस वर्षं झाली. बातमी ते दुपारी जेवण झालं की लिहून टाकत, शहागंजात तिच्या झेरॉक्स काढत, आणि पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला रे पडला की लुना काढून पेपरांच्या कचेऱ्या गाठत. पानं लवकर लागतात, थांबून कसं चालेल? त्यामुळे मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांनी धड ऐकलेला नव्हता. त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

"चला, गाडीत बसवून देतो," ते म्हणाले. अध्यक्षांनी तेवढं काम त्यांच्या अंगावर टाकलं होतं, म्हणून तर आज ते कचेऱ्यांतून परत आले होते. लुना तिथंच ठेवून त्यांनी रिक्षा केली.

बसस्थानकावर पिशोरची गाडी अजून लागली नव्हती. ते बाकावर टेकले.

"दादा, उंद्या पेपरात येनार ना? सून वाचून दाखवंल. काय लिवलंय माझ्याबद्दल?"

उरलेली एक प्रत दत्तोपंतांच्या खिशात होती. नाही म्हणता येईना. त्यांनी ती उलगडली आणि हळू आवाजात वाचली. "पिशोर येथील ज्येष्ठ लोकगायिका साळूबाई यांनी सादर केलेल्या हळदीच्या गाण्यांनी रसिक मंत्रमुग्ध झाले. टाळ्यांच्या कडकडाटात..." पुढं त्यांच्याच्यानं वाचवेना.

"व्हय का," साळूबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोंचं म्हणलं मग म्या?"

"ते... नाही लिहिलं."

"आसं कसं? चांगली धा-बारा येत्यात मला."

दत्तोपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी अध्यक्षांशी बोलतो. पुढच्या महिन्यात कोजागिरी आहे. तेव्हा आधी तुमचं गाणं, मग भाषणं. शब्द देतो."

साळूबाईंनी गळ्याभोवतीचा पदर खाली ओढला. एका बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

"गुरुवारी घाटीच्या सरकारी दवाखान्यात हे काढनार. डाक्टर म्हणले, आवाज राहील बी, नाय बी. म्हणून तर आले. म्हणलं, एवढ्या लोकांपुढं एकदा म्हणून घ्यावं."

दत्तोपंत सकाळपासून पायावर होते. गुडघे ठणकत होते. घरी बायको, यमुनाबाई, ताट झाकून बसल्या असतील. गाडीची चौकशी करावी, हात जोडावेत आणि सुटावं, खोटं कशाला बोला, हेच त्यांच्या मनात आलं. ते उठलेसुद्धा. दोन पावलं गेले आणि परत येऊन बसले.

"म्हणा," ते म्हणाले.

"इथं?"

"इथंच. मी लिहून बसलोय साळूबाई. आता म्हणा."

फुलंब्रीची गाडी लागली तशी सगळी माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला तिकडं धावली. बाकावर हे दोघंच उरले. साळूबाईंनी नारळ बाजूला ठेवला. जरा लाजल्या. मग डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

"लेक गेली वं वेशीपार, हात धुवू मी कशी,
पिवळी माझी बोटं बाई, भाकर थापू मी कशी..."

आवाज थकलेला होता, वर चढताना फाटत होता. दोनदा त्यांना थांबून आवंढा गिळावा लागला. मध्येच भोंग्यावरून कन्नडच्या गाडीचं सांगू लागले. त्या थांबल्या आणि भोंगा बंद झाल्यावर राहिलेला शब्द उचलून पुढं गेल्या. तिसरं कडवं आठवेना, तर पुन्हा पहिलंच म्हटलं. दत्तोपंत हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना स्वतःचीच चीड आली. वीस वर्षं आपण लिहीत तरी काय होतो?

गाणं संपलं.

"कसं झालं?" साळूबाईंनी विचारलं.

मंत्रमुग्ध, कडकडाट, भारावून, सगळे शब्द खिशातल्या कागदावर होते. त्यातला एकही तोंडातून निघेना.

"ऐकलं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत ऐकलं मी."

पिशोरची गाडी फलाटाला लागत होती. साळूबाईंनी नारळ पिशवीत टाकला आणि पदर पुन्हा गळ्याभोवती नीट घेतला.

"मग आता गुरुवारी कापू द्या," त्या म्हणाल्या.