बॉनेटखालची पुरचुंडी

"दोघांना घेऊन हीच गाडी वरंधा घाट चढायची. आता मी एकटा, तरी साध्या पुलावर रिक्षावाले मागून हॉर्न मारतात," टिळेकरांनी अस्लम मेकॅनिकपुढे कैफियत मांडली. शैला गेल्यापासून त्यांच्यातलाही जोर गेला होता, पण तो गॅरेजचा विषय नव्हता. मुलगी गाडी विकून टाका म्हणत होती, आणि बाजूची सीट अजून शैलाच्या मापाने पुढे ओढलेली होती.

अस्लमने बॉनेट उघडून गाडी रेस केली. आतून फुस्स आवाज आला. "टर्बो ठणठणीत आहे, काका. त्याची हवाच इंजिनापर्यंत पोचत नाही. उंदरांनी पाइप कुरतडलाय. आत तंबाखू नाही ठेवत? वासाने उंदीर फिरकत नाहीत."

ठेवायचे की! म्हणजे शैला ठेवायची. जुन्या साडीच्या फडक्यात बांधून, दर अमावास्येला बदलून. "गाडीला व्यसन लावतेय आमची ही," असं ते चारचौघांत सांगायचे. "मी आहे तोवर हसून घ्या," ती म्हणायची. त्यांनी मनसोक्त हसून घेतलं होतं.

बॅटरीमागून अस्लमने जांभळी पुरचुंडी बाहेर काढली, हुंगली. "वास पार उडालाय. फडकं चांगलं आहे, आतली तंबाखू तेवढी बदलू."

त्याने गाठीला नख लावलं आणि टिळेकरांनी त्याचा काळा, तेलकट हात घट्ट धरला.

"सोडू नकोस," ते म्हणाले. "गाठ तिने मारलीय."